अन्याय्य दोषसिद्धी : तपासाची कागदपत्रे आणि भरपाई

गुन्हा न केलेल्या व्यक्तीला न्यायालयाने दोषी ठरवले व पुढे ती निर्दोष सुटली, तर तिला शासनाकडून भरपाई मागता येते; त्यासाठी पोलीस तपासाची कागदपत्रे लागतात; ती मिळवण्याची कायदेशीर व्यवस्था येथे मांडली आहे. भारतात अशा भरपाईचा स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात कायदेशीर तरतूद सुचवली. सध्या उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात रिट याचिका अथवा दिवाणी दावा हेच मार्ग आहेत. नुसती निर्दोष सुटका पुरेशी ठरत नाही. तपासात कोणी काय दडवले, हे दाखवावे लागते आणि त्याचा पुरावा बहुधा पोलिसांच्याच दप्तरात असतो.

महाराष्ट्रातील ठळक उदाहरण : ५ जून २००३ च्या रात्री नाशिक परिसरातील शेतवस्तीवर पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतील सहा मजुरांना अटक झाली. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सर्वांना फाशी सुनावली. पुढे हा निकाल मागे घेऊन फेरसुनावणी झाली आणि ५ मार्च २०१९ रोजी न्या. अ. कु. सीकरी, न्या. एस. अब्दुल नझीर व न्या. एम. आर. शाह यांच्या पीठाने सर्वांना निर्दोष सोडले. बचावलेल्या साक्षीदार महिलेने ७ जून २००३ रोजी पोलिसांकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार वेगळ्याच व्यक्ती ओळखल्या होत्या. त्या चौघांचा तपास पुढे नेला गेला नाही. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई, पुढील तपास आणि दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई यांचे आदेश दिले. तोवर सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

कागदपत्रे मिळण्याचे मार्ग : बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळ पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला असे धरू. प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर), संवेदनशील प्रकरणे वगळता, २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार संकेतस्थळावर टाकावा लागतो. दोषारोपपत्र, जबाब व पंचनामे यांच्या प्रती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० नुसार आरोपीला विनामूल्य मिळतात. निकालानंतर न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रती घेता येतात. केस डायरी (तपासाची दैनंदिनी) मात्र बंदच राहते. तिची पाने क्रमांकित व बांधीव असावी लागतात; पण आरोपीला ती मागण्याचा वा पाहण्याचा हक्क नाही (कलम १९२). साक्ष देताना पोलीस अधिकाऱ्याने तिचा आधार घेतला किंवा न्यायालयाने त्याच्याविरुद्ध ती वापरली, तरच तेवढा भाग खुला होतो.

उरलेल्या कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. तपासाला बाधा येईल अशी माहिती कलम ८(१)(ज) नुसार नाकारता येते. परंतु केवळ तपास चालू आहे एवढे कारण पुरत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले. खबऱ्याची ओळख उघड करणारा भाग झाकून उर्वरित प्रत देता येते. उत्तराची मुदत तीस दिवसांची. जीवित वा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास अठ्ठेचाळीस तासांची. बुलढाणा जिल्ह्यातील दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे, तर रिट याचिका उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाते.

अलीकडील बदल : पोलिसांनी जमवलेले, पण खटल्यात न वापरलेले जबाब व वस्तू यांची यादी आरोपीला द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये ठरवले आणि मे २०२२ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. यादी हाती असेल तर कोणता कागद मागायचा हे नावानिशी सांगता येते आणि ‘असा कागद नाही’ हे उत्तर देणे अवघड होते. यादी न मिळालेल्या जुन्या खटल्यांत अर्जदाराला दप्तरात काय आहे हे ठाऊक नसतानाच मागणी करावी लागते.