संकेतधुनेचा परदेशी रचनाकार

काशीच्या बालाजी घाटाविषयी मराठी माणसाला अगत्य वाटते ते पेशव्यांमुळे. येथील बालाजीच्या मंदिरात बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षे सनईचा रियाझ करीत. अमेरिकेत कायमचे राहण्याविषयी विचारणा झाली, तेव्हा तेथे गंगा कोठून आणणार, असा त्यांचा प्रतिप्रश्न होता. हे भाग्य सर्वांचे नसते. खाँसाहेबांची सनई आकाशवाणीवरून घरोघरी पोहोचली. त्याच आकाशवाणीची सकाळची संकेतधून ज्यांच्या नावावर आहे, ते वॉल्टर कॉफमन मात्र पोटासाठी देश बदलीत राहिले.

कॉफमन यांचा जन्म १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाद येथे, ज्यू कुटुंबात झाला. प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांचा प्रबंध तयार होता. पण मार्गदर्शक नाझी असल्याचे कळताच त्यांनी पदवीच नाकारली. १९३४ च्या फेब्रुवारीत ते मुंबईस उतरले. हिंदुस्थानचा परवाना सहज मिळत होता, हेही त्याचे एक कारण. असल्या किरकोळ सरकारी सोयींची इतिहास सहसा दखल घेत नाही!

येथील संगीताच्या ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकल्या तेव्हा त्यांना काहीच उमगेना. परंतु लक्षावधी माणसे ज्यात रमतात त्यात अर्थ असलाच पाहिजे, उणीव आपल्या कानात आहे, असे त्यांनी मानले आणि ते ऐकत राहिले. परक्या देशी आलेल्या पाहुण्याची ही नम्रता विरळाच. मुंबई नभोवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्यांनी १९४६ पर्यंत सांभाळला. शिवरंजनीच्या छायेतील ती धून याच मुंबईतील वास्तव्यातली. तंबोऱ्याच्या सुरावर व्हायोलिन उमटते, एवढाच तिचा पसारा.

युद्ध संपल्यावर ते पुन्हा युरोपकडे वळले, तेही कामाच्या शोधात. पण घर असे उरले नव्हते. युरोपातील लाखो ज्यूंचा संहार झाला होता. कार्ल्सबादमधून जर्मनभाषकांची हकालपट्टी चालली होती. लंडनला बीबीसीसाठी काही काळ वाद्यवृंदाचे संचालन करून १९४७ साली ते कॅनडास गेले. तेथून १९५७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात.

१९६८ साली उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ तेथूनच प्रसिद्ध झाला. मुंबईत न उमगलेल्या त्या ध्वनिमुद्रिकांना चौतीस वर्षे लोटली होती.