परक्या गावची करमणूक : जुन्या शांघायातील परदेशी आणि त्यांचे विरंगुळे

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया येतात, तह येतात, राजे आणि सेनापती येतात. हे स्वाभाविक आहे. परंतु पुरेसे नाही. दिवसाचे काम संपल्यावर माणसे कोठे जात, काय पाहत, काय ऐकत आणि मुख्य म्हणजे कोणाच्या शेजारी बसत, याचाही एक इतिहास असतो. तहनाम्यात जे झाकून ठेवलेले असते ते पुष्कळदा नाटकगृहाच्या दारात उघडे पडते. आज आम्ही श्रोत्यांपुढे ठेवणार आहोत तो विषय असाच आहे. व्यापारासाठी, पोटासाठी किंवा जीव वाचविण्यासाठी चीन देशात येऊन राहिलेला परदेशी मनुष्य आपल्या संध्याकाळी कशा घालवीत असे, हे आपण पाहू. जागा मुख्यतः शांघाय. काळ 1843 पासून सुमारे शंभर वर्षांचा.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अफूच्या पहिल्या युद्धात चीनचा पराभव झाला आणि 1842 च्या नानकिंगच्या तहाने पाच बंदरे इंग्रजांच्या व्यापाराला उघडी करावी लागली. त्यांतले एक शांघाय. 1843 च्या नोव्हेंबरात ते उघडले. ह्वांगपू नदीच्या काठी परदेशीयांची वसाहत उभी राहिली. तिच्या शेजारी फ्रेंचांनी आपली वेगळी वसाहत घेतली. भूमी चीनची, पण तीवर राहणाऱ्या गोऱ्या माणसाला चीनचा कायदा लागू नाही, अशी ही विलक्षण व्यवस्था होती. नदीकाठच्या भव्य रस्त्याला 'बंड' म्हणत. हा शब्द चिनी नव्हे आणि मुळात इंग्रजीही नव्हे. पुण्याच्या बंड गार्डनमधला जो बंड, म्हणजे बांध, तोच हा. हिंदुस्थानातून तो इंग्रजांबरोबर तिकडे गेला. शब्दाबरोबर पैसाही गेला. ज्या डेव्हिड ससूनचे नाव पुण्याच्या रुग्णालयाला आणि मुंबईच्या ग्रंथालयाला आहे, त्याच्या मुंबईच्या पेढीने चीनच्या अफूच्या व्यापारात अलोट संपत्ती मिळविली. तेव्हा शांघायच्या वैभवाकडे दुरून पाहून नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही, हे आरंभीच सांगून ठेवलेले बरे.

वसाहतीत घरे पुरती उभी राहण्यापूर्वी घोड्यांच्या शर्यतीचे मैदान उभे राहिले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पहिले मैदान 1850 साली तयार झाले. गाव वाढत गेले तशा जमिनीच्या किमती वाढल्या. मंडळींनी जुने मैदान विकून नवे घेतले आणि 1862 साली तिसऱ्या, प्रशस्त मैदानावर कायमचा मुक्काम केला. घोडे मोठे अरबी नसत. मंगोलियातून आणलेली ठेंगणी, काटक तट्टे असत. वसंतात आणि शरदात मोठ्या शर्यती भरत. विजेत्यांच्या अखेरच्या शर्यतीच्या दिवशी पेढ्या-कचेऱ्या लवकर बंद होत आणि सारी वसाहत मैदानावर लोटे. पण क्लबाचे सभासदत्व चिनी माणसाला नसे. बाजी लावायला त्याचा पैसा चाले, मंडळात त्याची खुर्ची चालत नसे. शेवटी चिनी व्यापाऱ्यांनी 1910 च्या सुमारास शहराबाहेर कियांगवान येथे स्वतःचे मैदान उभारले आणि त्याच्या क्लबात चिनी व परदेशी दोघांनाही प्रवेश ठेवला. अपमानाला उत्तर म्हणून उघडलेले दार अपमान करणाऱ्यालाही मोकळे ठेवावे, यात एक मोठेपणा होता. तो त्या काळी किती जणांच्या ध्यानात आला असेल, हा प्रश्नच आहे.

बागेची कथा याहून प्रसिद्ध आहे. बंडाच्या उत्तर टोकाला 1868 साली सार्वजनिक बाग उघडली. संध्याकाळी तेथे बँड वाजे, नदीवरचा वारा येई, गोरी मुले हिरवळीवर खेळत. नाव सार्वजनिक, पण चिनी जनतेला मज्जाव! गोऱ्या मुलाला सांभाळणारी चिनी दाई मात्र आत जाऊ शके. म्हणजे मनुष्य म्हणून नाही, नोकर म्हणून प्रवेश. तक्रारी झाल्या तेव्हा 1890 मध्ये चिनी लोकांसाठी निराळी बाग करून देण्यात आली. 'कुत्र्यांना आणि चिनी लोकांना प्रवेश नाही' अशी पाटी त्या बागेवर होती, असे सर्वत्र सांगितले जाते. येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे सावध असावे. फाटकावरच्या नियमांत एका कलमाने बाग परदेशीयांसाठी राखून ठेवली होती आणि दुसऱ्या एका कलमाने कुत्री व सायकली यांना मनाई केली होती. लोकांच्या मनाने ही दोन कलमे एकत्र वाचली. पाटीचे शब्द तसे नसतील. पण वाचणाऱ्याला जो अर्थ कळला तो खोटा होता, असे कोण म्हणेल? अखेर 1 जून 1928 रोजी तिकीट ठेवून बाग सर्वांना खुली झाली. हे घडले ते आपोआप नव्हे. 30 मे 1925 रोजी नानकिंग रस्त्यावर वसाहतीच्या पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला आणि सारा चीन पेटून उठला. त्या गोळीबाराचा हुकूम देणारा अधिकारी इंग्रज होता. परंतु बंदूक उचलणाऱ्यांत शीख शिपाईही होते. परक्याच्या नोकरीत गेलेला आपला माणूस कोणाविरुद्ध उभा केला गेला, हे आठवून मन खिन्न होते.

क्लब आणि नाटके यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. शांघाय क्लबात शंभर फुटांहून लांब असा मद्याचा ओटा होता आणि त्याच्याशी कोणी कोठे उभे राहावे हे दर्जाप्रमाणे ठरलेले असे. नदीकडची खिडकी बड्या पेढीवाल्यांची, आतला अंधारा कोपरा नवशिक्या कारकुनाचा. हौशी इंग्रजांनी 1866 साली नाटकमंडळी काढली. तिचे लाकडी लायसियम नाट्यगृह जळाले, मग 1874 मध्ये दुसरे बांधले, 1931 मध्ये तिसरे. लंडनमधली नाटके तेथे होत. घरापासून हजारो मैल दूर पडलेला मनुष्य परक्या देशात आपलेच गाव पुन्हा मांडीत बसतो. त्याला हसण्याचे कारण नाही. परदेशी गणपती बसविणारी आपली मंडळी दुसरे काय करतात? दोष गाव मांडण्यात नाही, त्याभोवती कुंपण घालण्यात आहे.

या कुंपणाला पहिली खिंड पडली ती संगीताने. 1879 साली वसाहतीच्या खर्चाने एक बँड सुरू झाला होता. 1919 मध्ये मारिओ पाची नावाचा इटालियन पियानोवादक त्याचा चालक झाला. हा मनुष्य शांघायात काही राहायला आला नव्हता. दौऱ्यावर असता आजारी पडला आणि तेथलाच होऊन गेला. त्याने त्या बँडाचे रूपांतर पूर्ण वाद्यवृंदात केले. रशियन क्रांतीनंतर देशोधडीला लागलेले कितीतरी उत्तम वादक त्याला मिळाले. चिनी श्रोत्यांनाही मैफलींत येऊ द्यावे असा त्याचा आग्रह होता. 1927 मध्ये तान शूचेन हा तरुण व्हायोलिनवादक त्या वृंदात बसला. तो तेथील पहिला चिनी वादक. त्याच वर्षी शांघायात चिनी पुढाकाराने संगीताचे राष्ट्रीय विद्यालय निघाले आणि वृंदातील परदेशी वादक तेथे शिकवू लागले. पाचीजवळ एक चिनी मुलगा पियानो शिकत असे. फू त्सुंग त्याचे नाव. 1955 साली वॉर्सा येथील शोपँ स्पर्धेत त्याने तिसरा क्रमांक मिळविला, तो पाहायला पाची हयात नव्हता. 1946 मध्ये शांघायातच त्याचा अंत झाला होता. क्लबवाल्यांनी शंभर वर्षांत काय मागे ठेवले आणि या एका आजारी वाटसरूने काय ठेवले, याची तुलना श्रोत्यांनीच करावी.

चित्रपटगृहात वेगळाच प्रकार घडला. 1930 च्या फेब्रुवारीत शांघायच्या एका मोठ्या चित्रपटगृहात हॅरॉल्ड लॉइडचा एक विनोदी चित्रपट लागला होता. त्यात अमेरिकेतील चिनी वस्ती चोर-दरोडेखोरांची म्हणून दाखविलेली. परदेशी प्रेक्षक मनमुराद हसत होते. प्रेक्षकांत हुंग शेन हा नाटककार होता. स्वतः अमेरिकेत नाट्यकला शिकून आलेला. तो उठला आणि भर थिएटरात आपल्या देशबांधवांना निषेध करण्याचे आवाहन करू लागला. त्याला चौकीवर नेण्यात आले. परंतु प्रकरण वाढले, चित्रपट मागे घ्यावा लागला आणि लॉइडने दिलगिरी व्यक्त केली. करमणूक ही निरुपद्रवी गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. ज्याच्यावर हसले जाते तोही कधी कधी तिकीट काढून आत बसलेला असतो.

आता परदेशी म्हणजे केवळ गोरा पेढीवाला नव्हे, हेही सांगितले पाहिजे. 1934 मध्ये बक क्लेटन हा अमेरिकन निग्रो वादक आपले जाझ पथक घेऊन शांघायच्या एका श्रीमंती नृत्यगृहात आला. मायदेशात ज्याला हॉटेलाच्या पुढच्या दाराने जाता येत नसे, त्याला येथे मान मिळाला. पण वर्णद्वेष त्याच्यामागे बोटीत बसून आलाच. एका गोऱ्या अमेरिकनाने कुरापत काढली, मारामारी झाली आणि काम गेले ते क्लेटनचे! मग एका साध्या नृत्यगृहात नोकरी धरून त्याने तेथील गिऱ्हाइकांसाठी चिनी चाली शिकून घेतल्या. एवढे होऊनही चीनमधली दोन वर्षे आपल्या आयुष्यातील सर्वांत सुखाची, असे तो पुढे सांगत असे. त्याला तेथे बोलावून नेणारा पियानोवादक टेडी वेदरफर्ड पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातही वाजवीत होता. 1938 नंतर हिटलरच्या छळातून सुटलेले हजारो ज्यू शांघायात आले. त्यांनी हाँगक्यू भागातील पडक्या घरांत व्हिएन्नाची कॉफीगृहे थाटली, जर्मन भाषेत नाटके केली. पोट अर्धे रिकामे असता मनुष्य नाटक का करतो? आमच्या मते, आपण अजून मनुष्य आहोत याची स्वतःला खात्री पटविण्यासाठी.

शांघाय सोडून क्षणभर पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला जाऊ. तेथील परदेशीयापुढे मोठी परीक्षा असे ती चिनी संगीत नाटकाची. झांजा आणि घंटांचा तो कल्लोळ ऐकून बहुतेक जण पहिल्या अर्ध्या तासात उठून जात. जे थांबले त्यांना दिसले की प्रेक्षक चहा पीत आहेत, कलिंगडाच्या बिया सोलीत आहेत आणि गरम पाण्यात पिळलेले पंचे नोकर माणसांच्या डोक्यांवरून इकडून तिकडे अचूक फेकीत आहेत. पण ठरावीक जागेवर गायकाने तान घेतली की सारे थिएटर एका स्वरात दाद देते. पेकिंगचा जुना रसिक नाटक 'पाहायला' जात नसे, 'ऐकायला' जात असे. आपल्या बालगंधर्वांच्या श्रोत्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. स्त्रीभूमिकांचा सम्राट मेई लानफांग (1894–1961) हा तर बालगंधर्वांचा समकालीनच. 1924 च्या मे महिन्यात रवींद्रनाथ ठाकूर पेकिंगला गेले असता मेईने त्यांच्यासाठी खास खेळ केला. तो पुढे 1930 मध्ये अमेरिकेला आणि 1935 मध्ये रशियाला गेला, तेव्हा ज्यांचे देशबांधव पेकिंगात कानांवर हात ठेवीत होते तेच लोक त्याला टाळ्या देत उभे राहिले.

जुन्या शांघायचा शेवट फार दूर नव्हता. 12 नोव्हेंबर 1941 रोजी शरदातली मोठी शर्यत नेहमीप्रमाणे झाली. भोवतालचा सारा मुलूख चार वर्षे जपान्यांच्या ताब्यात होता, तरी मैदानावर गर्दी होती. तो दिवस सुन यत्-सेन यांच्या पंचाहत्तराव्या जयंतीचा होता. त्यानंतर महिनाही पुरा झाला नाही. 8 डिसेंबरला जपानी सैन्य वसाहतीत शिरले आणि शर्यतीवाले स्वतःच्याच गावात बंदी झाले.

त्याच काळात आपल्या सोलापूरचा एक तरुण चीनमध्ये राहत होता. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 च्या सप्टेंबरात मुंबईहून वैद्यकीय पथकाबरोबर निघाले आणि 1939 च्या फेब्रुवारीत येनानला पोचले. तेथे ना शर्यतीचे मैदान, ना क्लब. डोंगरात कोरलेली घरे. त्याच गावात त्या एप्रिलमध्ये पीत नदीवरील सुप्रसिद्ध समूहगान पहिल्यांदा गायले गेले, तेही गावठी वाद्यांच्या साथीने. कोटणीस चिनी बोलायला, वाचायला शिकले, चिनी मुलीशी लग्न केले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच निवर्तले. त्यांच्या नावाने चीनमध्ये आजही फुले वाहिली जातात.

शर्यतीच्या मैदानाचे 1949 नंतर जनतेचे उद्यान आणि चौक झाला. क्लबाच्या इमारतीत 2018 पासून शांघायच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. पाचीचा वाद्यवृंद मात्र नाव पालटून अजून वाजतो आहे.

आज आपल्यापैकी पुष्कळांची मुले परदेशी आहेत आणि आपल्या गावांतही दूरदूरच्या प्रांतांतून आलेली माणसे राहतात. आपण कधी पाहुणे आहोत, कधी यजमान. संध्याकाळी आपण कोणत्या दारातून आत जातो आणि कोणाला बाहेर ठेवून जातो, एवढा एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारला, तरी शांघायच्या या शंभर वर्षांचा इतिहास ऐकल्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.