थकलेले बिल आणि ४५ दिवसांची मुदत
भोसरी-चाकण पट्ट्यातील लघुउद्योजकाला ऑर्डरपेक्षा वसुलीची चिंता अधिक. पोलाद रोखीने घ्यायचे, पगार महिनाअखेरीस द्यायचे आणि बिल मात्र तीन-चार महिन्यांनी वटायचे, हे इथले जुने दुखणे आहे.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ याबाबत स्पष्ट आहे. सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत चुकते झाले पाहिजेत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. मालाबद्दल १५ दिवसांत लेखी हरकत न आल्यास तो पोचल्या दिवशीच स्वीकारला, असे मानले जाते. म्हणून सही-शिक्क्याचे चलन जपावे. ‘उद्यम’ नोंदणी ऑर्डरपूर्वीच करावी, उशिरा केलेल्या नोंदणीवरून न्यायालयांत वाद झाले आहेत.

दाद सुलभीकरण परिषदेकडे मागता येते. तिचा निवाडा रद्द करून घेऊ पाहणाऱ्या खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. अर्थात, एकुलत्या एक ग्राहकाविरुद्ध अर्ज करणे किती जणांना परवडेल? अशांनी खरेदीदाराने मान्य केलेले बिल ‘ट्रेड्स’ मंचावर वटविण्याचा मार्ग आधी पाहावा.