बेरीज मांडणारा माणूस

२००४ च्या एप्रिलमध्ये नागोठण्याच्या बाजारपेठेत एका किराणा दुकानात उभा होतो. गल्ल्याजवळचा फोन वाजला. दुकानदाराच्या वडिलांनी तो उचलला, क्षणभर ऐकलं आणि ते ताठ उभे राहिले. पलीकडून अटलबिहारी वाजपेयी हिंदीतून बोलत होते. म्हातारबुवा दोनदा ‘हां जी, हां जी’ म्हणाले, मध्येच काही विचारूही पाहिलं. आवाज थांबेना. ‘आपलं ऐकतच नाहीत,’ असं पुटपुटत त्यांनी फोन ठेवला आणि गुळाची ढेप फोडायला घेतली.

ध्वनिमुद्रित आवाजाचे हे फोन ज्या प्रचारयंत्रणेतून देशभर गेले, तिची सूत्रं प्रमोद महाजन यांच्या हाती होती. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. निवडणुकीची हस्तपत्रकं, जाहीरनामे, मतदारांना वाटलेल्या चिठ्ठ्या जमवायचा नाद तेवढा आहे. अंबेच्या पुरात एक ट्रंक भिजली, तरी बरंच उरलं. त्या कागदांच्या जोडीला निवडणूक आयोगाचे निकालाचे अहवाल घेऊन बसलो, तेव्हा लक्षात आलं की या माणसाची आठवण आपण चुकीच्या गोष्टीसाठी ठेवली आहे. लोकांच्या लक्षात तो फोन आहे, ‘इंडिया शायनिंग’ आहे. महाजनांचा खरा धंदा बेरजेचा होता.

महाजनांचा जन्म ३० ऑक्टोबर १९४९ चा, महबूबनगरचा. वाढले अंबाजोगाईत. तिथल्या शाळेत काही वर्षं मास्तरकी, मग ‘तरुण भारत’मध्ये उपसंपादकी, आणीबाणीत नाशिकचा तुरुंग. १९८० मध्ये भारतीय जनता पक्ष स्थापन झाला, तेव्हा त्यांनी तिशी नुकतीच ओलांडली होती. राज्यात या पक्षाची ओळख ‘शेटजी-भटजींचा’ अशी होती. संघटनेचे जुने जाणते वसंतराव भागवत यांनी ती पुसण्यासाठी माळी, धनगर आणि वंजारी समाजांना जोडून घेण्याचा आग्रह धरला. पुढे त्यालाच ‘माधव’ सूत्र म्हणू लागले. महाजन आणि त्यांचे मेहुणे गोपीनाथ मुंडे, दोघंही याच तालमीतले. एकट्याच्या बळावर सत्ता येणार नाही, तेव्हा कोण कोणात मिळवला की आकडा पुढे सरकतो हे पाहायचं, हा धडा तिथला.

त्या धड्याचं मोठं उदाहरण म्हणजे शिवसेनेशी युती. १९८४ मध्ये एक कच्चा प्रयोग होऊन गेला होता. मनोहर जोशी तेव्हा लोकसभेला कमळ घेऊन उभे राहिले आणि पडले. १९८७ च्या डिसेंबरात विलेपार्ल्याची पोटनिवडणूक शिवसेनेने उघड हिंदुत्वावर जिंकली. या निवडणुकीत भाजप सेनेच्या बाजूला नव्हता. दीड-दोन वर्षांत युती झाली. पक्षातल्या अनेकांना हा सोयरा पटत नव्हता, पण महाजनांनी गणित मांडलं आणि ‘मातोश्री’च्या पायऱ्या चढत राहिले. १९९० च्या विधानसभेत सेनेचे ५२ आणि भाजपचे ४२ आमदार आले. १९९५ मध्ये ७३ आणि ६५. काँग्रेस १४१ वरून ८० वर आली. त्या साली मोठ्या संख्येने निवडून आलेल्या अपक्षांची मदत लागली, हे खरं. पण अपक्षांना हाताशी धरण्याइतकं जवळ पोचणं, हेच तर बेरजेचं काम.

बेरजेत हातचाही धरावा लागतो. तो आमच्यासारख्या गावांनी दिला.

नागोठणे रोहा तालुक्यात, विधानसभेला मात्र पेणमध्ये. लोकसभेच्या मतदारसंघाचं नाव कितीतरी वर्षं ‘कुलाबा’च होतं. १९८१ मध्ये जिल्ह्याचं नाव रायगड झालं, मतदारसंघाचं २००९ च्या निवडणुकीत. इथली लढत पिढ्यान्‌पिढ्या काँग्रेस आणि शेकाप यांची. युतीच्या वाटणीत ही जागा शिवसेनेकडे गेली. १९९६ पासून २०२४ पर्यंतच्या एकाही लोकसभेला इथल्या मतपत्रिकेवर वा यंत्रावर कमळ नव्हतं.

आमच्या आळीत एक मास्तर होते, जनसंघापासूनचे. पणतीच्या काळात गेरू-चुन्याने भिंती रंगवलेल्या. माझ्या संग्रहातली जुनी पत्रकं बहुतेक त्यांच्याच पेटीतली. (शेषन आल्यावर भिंती रंगवणं आटोपलं. आदर्श आचारसंहितेचं कौतुक मीही करतो, पण एस. टी. स्टँडजवळचा पेंटर त्या साली दुकानांच्या पाट्यांवर आला, हेही नोंदवून ठेवतो.) मास्तर दर निवडणुकीला धनुष्यबाणाचा प्रचार करत. एकदा मी खवचटपणे विचारलं, ‘मास्तर, तुमचं कमळ कुठाय?’ म्हणाले, ‘वर ठरलंय.’ त्यांना राग नव्हता असं मी म्हणणार नाही.

रथयात्रेचा किस्सा लालकृष्ण अडवाणींनी आत्मचरित्रात दिला आहे. त्यांच्या मनात सोमनाथ ते अयोध्या पदयात्रा होती. महाजनांनी दिवस आणि अंतर मोजून सांगितलं की चालत फार थोडी गावं होतील, त्यापेक्षा वाहनाला रथाचं रूप द्यावं. २५ सप्टेंबर १९९० ला रथ निघाला, २३ ऑक्टोबरला समस्तीपूरला अडवाणींना अटक झाली. त्या यात्रेने देशात काय पेरलं, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तो टाळून महाजनांचं कौतुक करणं मला जमत नाही. त्यांच्या कारागिरीचा हिशेब करताना रथाच्या वाटेवरचे आणि नंतरचे दंगे खर्चाच्या बाजूला मांडावेच लागतात.

१९९५ च्या नोव्हेंबरात मुंबईत झालेलं पक्षाचं महाअधिवेशन महाजनांनी उभं केलं. तिथेच अडवाणींनी पंतप्रधानपदासाठी वाजपेयींचं नाव जाहीर केलं. पुढच्या वर्षी तेरा दिवसांच्या सरकारात महाजन संरक्षणमंत्री होते. गंमत अशी की दुसऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या या माणसाला स्वतःची जागा राखता येत नसे. ईशान्य मुंबईतून १९८४ ला पडले, १९९६ ला जिंकले, १९९८ ला पुन्हा पडले. दोन्ही पराभव गुरुदास कामत यांच्याकडून. मग राज्यसभा, पंतप्रधानांचे सल्लागार, संसदीय कामकाज, माहिती तंत्रज्ञान, दूरसंचार. जानेवारी २००३ मध्ये मंत्रिपद गेलं आणि ते पक्षाचे सरचिटणीस झाले. त्या वर्षाअखेर मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड जिंकल्यावर लोकसभेची निवडणूक लवकर घ्यायचं ठरलं.

‘इंडिया शायनिंग’ ही सरकारी जाहिरात होती, अर्थ मंत्रालयाची, आणि ती निघाली तेव्हा महाजन मंत्रिमंडळात नव्हते. पक्षाचा प्रचार मात्र तिच्याच उजेडात चालला, आणि तो त्यांच्या हाती होता. १३ मे २००४ ला भाजप १८२ वरून १३८ वर आला. महाजनांनी जबाबदारी स्वीकारली. जाहिरातीने घात केला, असा निकाल सगळ्यांनी लावून टाकला.

मी अहवाल उघडले. महाराष्ट्रात १९९९ ला युतीच्या २८ जागा होत्या: भाजप १३, सेना १५. (आमची कुलाब्याची जागा तेव्हा शेकापच्या रामशेठ ठाकूर यांच्याकडे होती.) २००४ ला २५: भाजप १३, सेना १२. त्या वेळी काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकत्र होते, १९९९ ला वेगळे लढले होते. समोरची मतं एक होऊनही युतीने तीनच जागा गमावल्या. चमकणाऱ्या भारताची तीच जाहिरात महाराष्ट्रातही लागली होती.

तमिळनाडूत १९९९ ला द्रमुकसह आघाडीला ३९ पैकी २६ जागा होत्या. द्रमुक काँग्रेसकडे गेला आणि २००४ ला शून्य. आंध्रात तेलुगू देसम आणि भाजपच्या ४२ पैकी ३६ होत्या, त्यांच्या पाच झाल्या. तिथे काँग्रेसने तेलंगणा राष्ट्र समितीला सोबत घेतलं होतं. या दोनच राज्यांत ५७ जागा गेल्या. उत्तर प्रदेशातली पडझड निराळी, तिचं खापर कोणत्याही आघाडीवर फोडता येत नाही. आंध्रातही नुसती बेरीज चुकली असं म्हणून भागणार नाही. संगणकाचं गुणगान करणारं ते सरकार दुष्काळात पडलं, म्हणजे जाहिरातीवर टीका करणारे तिथे बरेचसे बरोबर ठरतात. तरी माझं मत असं की २००४ ला महाजनांचीच विद्या समोरच्या पक्षाने वापरली, आणि महाजन तेव्हा फोनच्या तारांत गुंतले होते.

डिसेंबर २००५ मध्ये शिवाजी पार्कवर वाजपेयींनी निवडणुकीच्या राजकारणातून निवृत्ती जाहीर केली आणि महाजनांना लक्ष्मण म्हटलं. २२ एप्रिल २००६ ला धाकट्या भावाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ३ मे रोजी ते गेले.

त्यानंतर हे काम कंत्राटावर करणाऱ्या मंडळी आल्या, प्रशांत किशोर घरोघर माहीत झाले. आमच्याकडे २०१४ ला वजाबाकीचा नमुनाही दिसला. अनंत गीते सुनील तटकरे यांच्यावर २,११० मतांनी निवडून आले, आणि तटकरे यांच्याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मतं पडली होती.

२०१९ च्या ऑक्टोबरात विधानसभेला पेणमध्ये कमळ होतं आणि ते निवडूनही आलं. उमेदवार रविशेठ पाटील, पूर्वीचे काँग्रेसचे मंत्री. मास्तरांनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती. नातवाच्या स्कूटरवर बसून ते केंद्रावर आले. बाहेर पडल्यावर शाई लावलेलं बोट धोतराला लागू नये म्हणून लांब धरलं होतं. मी म्हटलं, ‘मास्तर, झालं मनासारखं?’

‘बटण सापडलं,’ ते म्हणाले. ‘नाव वाचलं नाही.’