लिनक्स व्हर्च्युअल मशीनवरील इन्स्टॉलेशनचे अडथळे

संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या लिनक्स संगणकावर पॅकेज बसवताना येणारे अडथळे आणि त्यांचे मूळ शोधण्याची रीत. पॅकेजे खऱ्या यंत्रावरही अडतात. पण व्हर्च्युअल मशीनची डिस्क, मेमरी, घड्याळ सारेच यजमान यंत्राकडून आलेले असते, म्हणून दोष पुष्कळदा पॅकेजात नसून या उसनवारीत असतो.

सर्वांत बोलके उदाहरण व्हर्च्युअलबॉक्सच्या गेस्ट ॲडिशन्सचे. सामायिक फोल्डर आणि स्क्रीनचा बदलता आकार यांसाठी ती कर्नलची मॉड्यूल्स जागेवरच कंपाइल करतात. त्यासाठी कंपायलर लागतो आणि चालू कर्नलच्याच आवृत्तीची हेडर्स लागतात. अपडेटनंतर मशीन रीबूट केलेले नसले, तर हेडर्स नव्या कर्नलची आणि चालू कर्नल जुना, अशी फारकत होते आणि बिल्ड फसते. आधी रीबूट, मग हेडर्स, मग पुन्हा प्रयत्न, हाच क्रम योग्य. कंपाइल होऊनही मॉड्यूल लोड होत नसेल, तर सिक्युअर बूट सही नसलेले मॉड्यूल नाकारत आहे का ते पाहावे.

चालू अवस्थेत घेतलेल्या स्नॅपशॉटवर परतल्यास आतले घड्याळ मागे राहू शकते. मग डेबियन-उबुंटूमधील एप्टला रिपॉझिटरीची सूची भविष्यातली वाटते आणि ती ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारली जाते. नेटवर्कवर संशय घेण्याआधी तारीख पाहावी.

क्लाउडवर नुकत्याच सुरू झालेल्या उबुंटू मशीनवर स्वयंचलित अपडेट चालू असते आणि पॅकेजे बसवणाऱ्या डीपीकेजीचा लॉक त्याच्याकडे असतो, म्हणून आपले इन्स्टॉलेशन अडते. लॉकची फाइल पुसण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो घातक आहे. दोन प्रक्रिया एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदी लिहू लागल्या, तर त्या नोंदीच बिघडतात. अपडेट संपेपर्यंत थांबावे.

व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या हायपरवायझरमध्ये डिस्क वाढवली तरी आतले पार्टिशन आणि फाइलसिस्टिम आपोआप वाढतीलच असे नाही; ‘जागा नाही’ हा संदेश कायम राहतो. कधी जागा असते, पण आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा, संपलेले असतात. अर्धा जीबी मेमरीच्या मशीनवर मोठे कंपाइल मध्येच मरते. कर्नलच्या लॉगमध्ये मेमरी संपल्याची नोंद सापडते. तेथे स्वॅप वाढवणे हा तात्पुरता का होईना, उपाय आहे.

ज्यांवरून मशीन उभे करतात त्या जुन्या प्रतिमांचा (इमेजेसचा) प्रश्न वेगळा. सेंटओएस ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला आणि त्याची पॅकेजे नेहमीच्या मिररवरून संग्रहाच्या सर्व्हरवर गेली. त्यामुळे जुन्या प्रतिमेवरून उभ्या केलेल्या मशीनवर साधे पॅकेजही मिळत नाही. रिपॉझिटरीचा पत्ता संग्रहाकडे वळवला की पॅकेजे मिळतात, सुरक्षा-दुरुस्त्या मात्र नाहीत. लोकांच्या उपयोगाच्या सेवेसाठी असे मशीन ठेवू नये; आल्मा किंवा रॉकी लिनक्सवर जावे.

लॉग वाचताना शेवटची ओळ बहुधा परिणाम सांगते. वर सरकत पहिल्या त्रुटीपर्यंत जावे. गेस्ट ॲडिशन्ससाठी ती व्हीबॉक्सॲड-सेटअप या लॉगमध्ये मिळते.