दिवा लागला, पण चाक फिरेना

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तलवारी आणि तहनामे उभे राहतात. तेव्हा ऐन दिवाळीत, इतिहासाच्या नावाखाली मी मोटारीच्या चाकांविषयी बोलू लागलो, तर ‘हे गृहस्थ वाट चुकले’ असे वाचकांना वाटेल. पण माझा इलाज नाही. तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. त्या विषयातला एक साधा धडा मात्र मला सत्तरी उलटल्यावर, पाठीखाली ताडपत्री घालून, एका ट्रकखाली उताणे पडल्यावर मिळाला. तोही उलट्या क्रमाने, म्हणजे शेवटच्या पानाकडून पहिल्या पानाकडे.

झाले ते असे. माझी मुलगी मृणाल अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या एका लहान गावात राहते. ती परिचारिका आहे आणि तिचे इस्पितळ गावापासून बारा मैलांवर आहे. त्या मुलखात हिवाळ्यात रस्ता कोठे संपतो आणि शेत कोठे सुरू होते हे केवळ स्मरणशक्तीने ओळखावे लागते. म्हणून तिने चारही चाकांना ओढ असलेला एक जुना पिकअप ट्रक घेतला आहे. पुढे बसायची जागा आणि मागे उघडा हौदा, अशी ही गाडी. आपल्याकडे भाजीपासून सिमेंटपर्यंत सारे काही वाहणाऱ्या गाडीचीच ही थोराड बहीण.

मी तिच्याकडे असताना जानेवारीतल्या एका सकाळी मृणाल रात्रपाळीहून पायी घरी आली. कपडे गुडघ्यापर्यंत बर्फाने माखलेले. चढावावर ट्रकची मागची चाके जागच्या जागी फिरली, गाडी तिरकी झाली आणि घसरत चरात गेली. तिला लागले नव्हते. पण चेहरा उतरला होता.

‘‘बाबा, मी फोर-व्हील लावला होता,’’ ती म्हणाली. ‘‘दिवासुद्धा लागला होता!’’

हे दुसरे वाक्य तिने अशा स्वरात उच्चारले, की जणू घरच्याच माणसाने खोटी साक्ष द्यावी. शेजाऱ्यांनी ट्रॅक्टर लावून ट्रक अंगणात आणून दिला. गॅरेजवाल्याने आठ दिवसांनंतरची वेळ दिली. आणि तिला त्याच रात्री पुन्हा कामावर जायचे होते.

आता येथे माझ्या आबाकाकांची ओळख करून दिली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या दुरुस्तीखात्यात होते. परत आल्यावर त्यांनी साताऱ्यास गॅरेज काढले. युद्धात उरलेल्या जीपगाड्या लिलावात निघत होत्या, आणि पुढे मुंबईत विलिसच्या जीप जोडण्याचा कारखानाही उभा राहिला. त्यामुळे काकांना काम कधी कमी पडले नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना पाने देण्याचे काम माझ्याकडे असे. त्यांचे एक सूत्र होते. ‘‘बाळ, बिघाड कुठं आहे हे शोधत बसू नये. कुठवर सगळं ठीक आहे ते शोधत जावं. ठीक संपलं, की बिघाड पुढ्यातच उभा असतो.’’

पण काकांच्या काळची जीप आणि हा ट्रक यांत फार अंतर पडले होते. ते अंतर कसे पडले, हे समजल्यावाचून बिघाडाचा माग लागणार नव्हता.

चारही चाकांना ओढ देण्याची कल्पना तशी जुनी. हॉलंडमधल्या स्पायकर बंधूंनी १९०३ साली तशी एक शर्यतीची मोटार बांधली होती. पण ती कल्पना मालमोटारीच्या रूपाने रस्त्यावर आणली ती विस्कॉन्सिनमधल्याच क्लिंटनविल या गावाने. मृणालच्या घरापासून ते तासाभराच्या वाटेवर आहे. ऑटो झॅकाव आणि विल्यम बेसरडिक हे नात्याने मेहुणे. गावात यंत्रदुरुस्तीचे दुकान चालवीत. मागची चाके चिखलात नुसती गरगरतात आणि पुढची ढिम्म बसून राहतात, तर पुढच्यांनाही कामाला का लावू नये, हा त्यांचा प्रश्न. अडचण एवढीच की पुढच्या चाकांना वळावेही लागते. जो दांडा चाक फिरवणार, तो चाकाबरोबर वाकला पाहिजे आणि वाकूनही फिरत राहिला पाहिजे. झॅकावने गोलकाच्या आत बसवलेला एक सांधा योजला आणि १९०८ साली त्याचे पेटंट मिळवले. त्यातून जी कंपनी निघाली, तिच्या मालमोटारी पहिल्या महायुद्धात हजारोंनी युरोपच्या चिखलात उतरल्या.

एक अडचण सुटली, दुसरी उभी राहिली. गाडी वळते तेव्हा पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. म्हणजे त्यांना अधिक फेरे घ्यावे लागतात. पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना घट्ट जखडलेले असले, तर हा हिशेब जुळायचा कसा? चिखलात चाक थोडे घसरते आणि हिशेब आपोआप चुकता होतो. कोरड्या सडकेवर घसरायला वाव नसतो. दांड्यांना पीळ बसत जातो. यावर सोपा तोडगा म्हणजे पुढची ओढ हवी तेव्हा लावावी, नको तेव्हा सोडावी. गिअरबॉक्समागे आणखी एक पेटी बसवायची, तिला आणखी एक दांडा. या पेटीला ट्रान्स्फर केस म्हणतात. अमेरिकन लष्कराला १९४० साली हलकी टेहळणीची गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने तिचा पहिला नमुना त्याच वर्षी २३ सप्टेंबरला हजर केला, आणि पुढे विलिस व फोर्ड यांनी मिळून अशा सहा लाखांवर जीप बांधल्या. त्या सगळ्यांत ही पेटी होती.

आबाकाकांकडे एकदा एक जीप आली. ड्रायव्हर घामाघूम. पुढची ओढ लावली ती सुटेचना. पेटी उघडा म्हणून तो हट्ट धरून बसला. काकांनी त्याला खाली उतरवले, गाडी सरळ रेषेत दहा-बारा फूट मागे घेतली आणि दोन बोटांनी दांडा सोडवला. कोरड्या रस्त्यावर वळणे घेऊन बसलेला पीळ मागे जाताना उलगडला, एवढेच. ‘‘पेटी उघडली असती तर पैसे झाले असते,’’ काका नंतर म्हणाले, ‘‘पण बिघाड नव्हता त्याचे पैसे कसे घ्यायचे?’’ त्या दिवशी त्यांना फक्त एक कप चहा मिळाला.

तिसरी अडचण युद्ध संपल्यावर ध्यानात आली. पेटीतून ओढ सोडली, तरी पुढची चाके जमिनीवर फिरताना आपल्या आतले दांडे आणि दाते उगाच फिरवीत राहत. पेट्रोल जाई, झीज होई. लष्कराला त्याची पर्वा नव्हती, शेतकऱ्याला होती. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आर्थर वॉर्न याने १९४८ साली उद्योग सुरू केला तो याच कामासाठी. चाकाच्या मधोमध जो हब असतो, त्यातच चाक आणि दांडा यांची गाठ हाताने सोडता आणि मारता येईल अशी सोय त्याने केली. खाली उतरायचे, हबवरची चकती फिरवायची आणि पुन्हा चढायचे.

तेवढ्यात चारचाकी ओढ पिकअप ट्रकला येऊन मिळाली होती. डॉजने १९४६ साली आणि विलिसने १९४७ साली असे ट्रक विकायला काढले. शेव्हरोलेने १९५७ साली आणि फोर्डने १९५९ साली ती सोय कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक वाढले, तशी गिऱ्हाइकाची नाजूक बाजूही दिसू लागली. भर चिखलात उतरून चकत्या फिरवायला कोणाला आवडते? मग कोठे आपोआप अडकणारे हब आले, कोठे विजेवर चालणारे. मृणालच्या ट्रकात ते काम हवेच्या ओढीवर सोपवले होते. आत बसून नुसते एक बटण वळवायचे. पेटी विजेने अडकते, आणि एका बारीक नळीतून हवा खेचली गेली की दोन्ही हब अडकतात. मग समोर दिवा लागतो.

येथे मला काकांचे सूत्र आठवले. चालकाचा हात आणि चाक यांच्यामध्ये शंभर वर्षांत एकेक मध्यस्थ बसत गेला होता: सांधा, पेटी, हब आणि शेवटी नळी. चालकाने दिलेला हुकूम यांतल्या कोणापर्यंत नीट पोचला होता?

बारा वर्षांचा नातू ईशान मदतनीस झाला. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले, पुढची दोन्ही चाके उचलून आसाखाली भक्कम घोड्या दिल्या, आणि मी खाली शिरलो. ईशानने बटण वळवले. इंजिन थोडा वेळ चालवून त्याने बंद केले. मी पेटीतून पुढे येणारा दांडा दोन्ही हातांनी धरून पिळला. तो हलला नाही. म्हणजे पेटी अडकली होती. तिथवर सारे ठीक.

मग बाहेर येऊन डावे चाक फिरवले. वास्तविक दांडा जखडलेला असताना एक चाक पुढे फिरवले, तर दुसरे मागे फिरले पाहिजे. दोहोंच्या मधल्या डिफरन्शिअलचा तो स्वभावच आहे. पण डावे चाक भिंगरीसारखे एकटेच फिरले. उजवे स्वस्थ. ‘‘आजोबा, चाकामागचा सांधा पण फिरत नाही,’’ टॉर्च धरून बसलेला ईशान म्हणाला. उजव्या बाजूलाही तेच. चाके फिरत होती आणि त्यांच्याआडचे सांधे जागेवर होते. म्हणजे दोन्ही हब मोकळे होते. खरे तर एक मोकळा असता तरी पुरे होते. डिफरन्शिअल सारी ओढ मोकळ्या बाजूने वाया जाऊ देतो आणि दुसरे चाकही अडून बसते.

सुदैवाने या हबांवर वॉर्नच्या काळची आठवण शिल्लक होती: हाताने फिरवायची चकती. दोन्ही चकत्या मी फिरवल्या आणि डावे चाक पुढे ढकलले. उजवे मुकाट्याने मागे फिरले. ईशानने टाळी वाजवली. लोखंड सारे शाबूत होते. दोष फक्त हवेचा.

पुढचे काम बोटाने झाले. इंजिन चालू करून बटण वळवले, की नळीच्या उगमाशी बोट खेचले जाई. चाकाशेजारच्या टोकाला काही नाही. मधल्या वळणावर नळीचे रबर कडक होऊन तडकले होते. वीतभर नवी नळी घातली, नि दोन्ही टोकांना ओढ लागली.

आणि तो दिवा? त्याची तार जात होती पेटीपर्यंत. पेटी अडकली की तो लागे. हबांचे काय झाले हे त्याला कोणी कळवलेच नव्हते. तो खोटे बोलला नव्हता. त्याला जेवढे माहीत होते तेवढेच त्याने सांगितले. आपणच त्याच्या साक्षीचा जास्त अर्थ लावला.

तीस वर्षे वर्गात मी फर्माने वाचून दाखवली. अमुक साली राजाने अमुक कर माफ केला, असे फळ्यावर लिहिले. तो हुकूम सदरेवरून निघून गावच्या शेवटच्या खळ्यापर्यंत पोचला का, हे विचारायचे मात्र पुष्कळदा राहून गेले. फर्मान निघाल्याचा पुरावा हा अंमल झाल्याचा पुरावा नव्हे, ही गोष्ट मला एका तडकलेल्या नळीने शिकवली.

रात्री नऊला मृणाल निघाली. नवी नळी घातली होती. तरी त्या रात्रीपुरत्या चकत्या हातानेच अडकवून ठेव, असे मी तिला सांगितले. तिने बाहेर उभे राहून, हातमोजे काढून, दोन्ही चकत्या स्वतः फिरवल्या. मग चढून बटण वळवले.

‘‘दिवा लागला बाबा,’’ ती खिडकीतून म्हणाली, आणि हसली.

मी दिव्याकडे पाहत नव्हतो. अंगणातल्या बर्फात पुढच्या चाकांनी माती उकरली होती. ती पाहून मी घरात आलो.