वर्धेपलीकडची जमीन

बोर धरणाजवळचें हिंगणी हें वर्धा जिल्ह्यांतील गांव. तेथील एखाद्या शेतकऱ्यानें १९१० च्या सुमारास वर्धा नदी ओलांडून अमरावतीच्या बाजूस शेत घेतलें असतें, तर कायद्याच्या दृष्टीनें ती खरेदी परमुलखांतली ठरली असती!

नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर वर्धेचा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानांत आला. वऱ्हाड मात्र नांवानें निजामाचेंच राहिलें. १८५३ च्या तहानें त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १९०२ मध्यें सालिना २५ लक्ष रुपयांवर तो त्यांना कायमच्या पट्ट्यानें मिळाला. म्हणजे खुद्द इंग्रज सरकार तेथें निजामाचें कूळ होतें! ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे वऱ्हाडांत आपोआप चालत नसत. निराळ्या हुकुमानें ते लागू करावे लागत.

दोन्ही काठांवर खर्चाची तऱ्हाहि निरनिराळी. अलीकडे मालगुजारी होती. कुळाला आपला हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर मालगुजाराची मर्जी सांभाळावी लागे, आणि नजराणा हें त्या मर्जीचें मोल असे. पलीकडे मुंबईच्या धर्तीची रयतवारी असल्यामुळें बहुतेक ठिकाणीं असा मध्यस्थ नव्हता.

परंतु कागदाचा खर्च कोणालाच चुकला नाहीं. १८९९ च्या कायद्याप्रमाणें, निराळा करार नसेल तर खरेदीखताचा स्टँप घेणारानें भरावयाचा. दस्त लिहिणाराची मजुरी, नोंदणीची फी, साक्षीदारांची ने-आण हे खर्च वेगळेच. शिवाय १९०८ च्या कायद्यान्वयें नोंदणी व्हावयाची ती जमीन जेथें असेल तेथल्या कचेरींत. फ्रान्समध्यें किंवा पोर्तुगीज अमलांतील गोव्यांत नोटरी स्वतः दस्त तयार करून तो आपल्या दप्तरीं ठेवी. इकडे तें काम सरकारी नोंदणी कचेरीनें केलें.

एवढा खर्च कशासाठीं, असें वाटून कित्येक जण साध्या कागदावरच व्यवहार उरकीत. कमी स्टँपाचा दोष दंड भरून निघे. पण हा दंड दसपटीपर्यंत चढे. नोंदणीची मुदत चुकली तर मात्र गोष्ट कठीण. १०० रुपये किंवा अधिक किमतीच्या जमिनीची मालकी बिननोंदणीच्या खतानें मिळत नसे. विकणाराच्या वारसानें हात झटकले, कीं पैका गेला आणि शेतहि गेलें.

१९५१ मध्यें मालगुजारी संपली. निजामाचें नांवहि वऱ्हाडावरून पुसलें गेलें. १९६० पासून नदीचे दोन्ही काठ एकाच महाराष्ट्रांत आहेत. तरी मुद्रांक आणि नोंदणी यांचा भार आजहि बहुधा घेणाराच सोसतो. हा भार केवळ कागदाचा नव्हे. पुढच्या पिढीच्या तोंडीं ‘हें शेत आमचें’ हे शब्द निर्भयपणें यावेत, यासाठीं दिलेलें तें मोल होय.